बँडकॅम्प: संगीताशेजारी लिहिण्याची जागा

स्वतंत्रपणे संगीत करणाऱ्या कलावंतांना आपले ध्वनिमुद्रण थेट श्रोत्यांना विकता यावे, म्हणून बँडकॅम्प ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यातला बराचसा भाग पैशांचा आहे: कलावंताच्या हाती किती पडते, कंपनी किती ठेवते, स्ट्रीमिंगच्या मानाने हा व्यवहार किती न्याय्य आहे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच आणि त्यांच्याकडे मी पुढे येईन. परंतु इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसाला या सेवेचा जो सर्वांत मोठा उपयोग होतो, त्याची चर्चा फारशी होत नाही. अल्बमच्या पानावर संगीताला लागूनच कलावंताला मोकळेपणाने लिहिता येते आणि ज्यांना त्याच्या कामात रस आहे अशा श्रोत्यांना बँडची खबरबात स्वतःच्या शब्दांत कळवता येते. या दोन सोयी कितपत चांगल्या चालतात आणि कुठे कमी पडतात, हे मी ग्राहक म्हणून आणि स्वतःचे संगीत तिथे ठेवणारा कलावंत म्हणूनही मांडतो आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीत लिहिण्याला इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. सतार किंवा बासरी ऐकू आली, की ते कोणते वाद्य आहे आणि ते कसे वाजवले जाते, हे ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. बोटांची, फुंकरीची कल्पना त्याच्या मनात आधीपासून असते. इलेक्ट्रॉनिक ध्वनीला असा ओळखीचा देह नसतो. तोच खोल, थरथरता स्वर एखाद्या ऑसिलेटरमधून, म्हणजे विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करणाऱ्या यंत्रातून, आलेला असू शकतो, दाराच्या करकरीचे ध्वनिमुद्रण चौपट संथ करून मिळवलेला असू शकतो किंवा संगणकावर लिहिलेल्या काही ओळींतून उमटलेला असू शकतो. ऐकणाऱ्याला यांतले काही ठाऊक नसले तरी संगीत आवडू शकते, हे खरे आहे. परंतु कलावंताने कोणती अडचण स्वतःपुढे ठेवली होती आणि ती कशी सोडवली, हे कळल्यावर दुसऱ्यांदा ऐकताना कान निराळ्या गोष्टी टिपू लागतो. त्यामुळे या संगीतात टिपणाला रचनेइतकाच मान मिळायला हवा, असे माझे मत आहे.

या क्षेत्रातल्या आद्य कलावंतांचा इतिहास पाहिला, तर शब्द आणि श्रेय संगीतापासून तुटले की काय होते, हे पुन्हा पुन्हा दिसते. बेबे आणि लुई बॅरन या दांपत्याने १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटासाठी संपूर्ण ध्वनिपट इलेक्ट्रॉनिक मंडलांमधून (सर्किट्समधून) घडवला. ती मंडले ते स्वतः जोडत आणि पुष्कळदा ती जळून जाईपर्यंत त्यांतून आवाज काढत. तरीही श्रेयनामावलीत त्यांच्या कामाला ‘संगीत’ म्हटले गेले नाही. वादकांच्या संघटनेशी वाद होईल या भीतीने तिथे ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असा अवघडलेला शब्दप्रयोग छापला गेला.

डेलिया डर्बिशर यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात संगीतकार रॉन ग्रेनर यांनी लिहिलेल्या स्वरलिपीवरून त्यांनी ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षकसंगीत घडवले. घडवले हाच शब्द इथे योग्य आहे, कारण वाजवण्यासारखे वाद्यच नव्हते. एका छेडलेल्या तारेचा आवाज आणि चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑसिलेटरचे स्वर त्यांनी ध्वनिफितीवर घेतले, फितीचा वेग बदलून हवी ती स्वरउंची मिळवली, प्रत्येक स्वराच्या लांबीइतका फितीचा तुकडा कापला आणि असे तुकडे एकमेकांना चिकटवून एकेक पट्टी तयार केली. मग या पट्ट्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी सुरू करून त्यांचे मिश्रण केले. ग्रेनर यांना त्यांच्याबरोबर श्रेय वाटून घ्यायचे होते, परंतु वर्कशॉपमधील कलावंतांना अनामिक ठेवण्याच्या बीबीसीच्या धोरणात ते बसले नाही. मालिकेच्या पडद्यावर डर्बिशर यांचे नाव झळकले ते २०१३ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी.

आपल्याकडच्या श्रोत्यांना चरणजित सिंग यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची ज्युपिटर-८ (सिंथेसायझर), टीबी-३०३ (खर्जाचे सूर देणारे) आणि टीआर-८०८ (तालयंत्र) ही तीन यंत्रे एकत्र आणून दहा रागांवर आधारित एक रेकॉर्ड काढली. पुढे ‘ॲसिड हाउस’ म्हणून जे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत ओळखले गेले, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य आहे, आणि तो प्रकार शिकागोत आकाराला आला तो त्यानंतर काही वर्षांनी. ही रेकॉर्ड जवळजवळ विस्मरणात गेली होती. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर जगभरातून पहिला प्रश्न आला तो तिच्या खरेपणाविषयी: हे खरोखरच १९८२ चे काम आहे, की कोणी नंतर रचलेली बनवाबनवी? त्या वेळी त्यांनी काय विचार केला, ही यंत्रे कशी जुळवली, याचे सविस्तर टिपण रेकॉर्डबरोबर जगभर पोहोचलेले असते, तर वयोवृद्ध कलावंतावर असा प्रश्न ऐकून घेण्याची वेळ आली नसती.

आता बँडकॅम्पच्या पानाकडे वळतो. अल्बमचे पान उघडले, की एका बाजूला मुखपृष्ठाचे चित्र दिसते, दुसरीकडे रचनांची यादी, आणि यादीखाली दोन स्वतंत्र मजकूर असतात. पहिला अल्बमविषयीचा, दुसरा श्रेयांचा. एवढ्यावर हे थांबत नाही. प्रत्येक रचनेलाही स्वतःचे पान असते, तिथे तिचे वेगळे टिपण, वेगळी श्रेये आणि हवे असल्यास वेगळे चित्रही देता येते. अल्बम विकत घेणाऱ्याला संगीताबरोबर जास्तीच्या फाइल देण्याची सोय आहे, त्यामुळे सविस्तर पुस्तिका पीडीएफ स्वरूपात जोडता येते. मी या सोयीचा उपयोग प्रत्येक रचनेमागची जोडणी समजावण्यासाठी करतो: कोणत्या ऑसिलेटरचा व्होल्टेज कोणत्या फिल्टरकडे (आवाजाचा काही भाग गाळणाऱ्या यंत्राकडे) नेला, कुठे मुद्दाम बेसूर ठेवले, कोणता भाग एका दमात ध्वनिमुद्रित झाला आणि कोणता नंतर जोडला. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर अल्बमला असे टिपण जोडायला जागाच नसते; श्रेये फार तर नावांच्या यादीपुरती येतात आणि तीही दोन-तीन ठिकाणी बोट लावल्यावर.

आद्य कलावंतांची पुनर्प्रकाशने करणाऱ्या अनेक छोट्या प्रकाशनसंस्था याच सेवेवर आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लॉरी स्पीगेल यांचा १९८० चा अल्बम घ्या. मूळ रेकॉर्डवर चारच रचना होत्या. २०१२ मध्ये ‘अनसीन वर्ल्ड्स’ या संस्थेने त्यात त्या काळातल्या अनेक अप्रकाशित रचनांची भर घालून तो दोन सीडींएवढा वाढवला. स्पीगेल यांनी हे काम बेल प्रयोगशाळेत ‘ग्रूव्ह’ नावाच्या प्रणालीवर केले होते. मॅक्स मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या प्रणालीत आवाज ॲनालॉग यंत्रांतून निघत असे, परंतु त्या यंत्रांना आज्ञा देणारा संगणक होता, आणि वादकाने एखादी खुंटी फिरवली तर ती हालचालच काळानुसार नोंदवली जात असे. नंतर ती नोंद पुन्हा चालवता येई, तिच्यात बदल करता येई, तिच्यावर दुसरी हालचाल चढवता येई. हे एकदा समजले, की या रचनांमधला सावकाश होणारा, पण कधीही यांत्रिक न वाटणारा बदल कुठून येतो, ते कळते. मांडणीचे नियम संगणकाकडे आहेत आणि हाताचा कंप माणसाचा आहे.

सुझॅन चिआनी यांचेही असेच. त्यांनी १९७५ मध्ये बुक्ला या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या, सिंथेसायझरवर केलेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये प्रकाशित झाले. त्या काळात, १९७६ मध्ये, त्यांनी आपल्याला अनुदान देणाऱ्या संस्थेला एक अहवाल दिला होता आणि त्यात पियानोसारखी पट्टी नसलेल्या या वाद्यावर श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष कार्यक्रम कसा करायचा, हे तपशीलवार लिहिले होते. मॉड्युलर सिंथेसायझर शिकणारी मंडळी आजही तो अहवाल वाचतात. कलावंताने स्वतःच्या पद्धतीविषयी लिहून ठेवले, तर ते पुढच्या पिढीच्या किती कामी येते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आज छोट्या बँडमधले कोणी आपल्या अल्बमच्या टिपणात असेच मोकळेपणाने लिहिते, तेव्हा ते नकळत याच परंपरेत भर घालत असते.

दुसरी सोय आहे ती बातम्यांची. श्रोत्याने कलावंताला ‘फॉलो’ केले किंवा त्याचे काही विकत घेतले, की कलावंताचे निरोप त्याला ईमेलने मिळू लागतात आणि ते सेवेतल्या त्याच्या खात्यावरही दिसतात. निरोप सगळ्यांना पाठवता येतो किंवा ठरावीक भागातल्या श्रोत्यांपुरता मर्यादित ठेवता येतो; एखाद्या शहरातल्या कार्यक्रमाची बातमी त्या परिसराबाहेरच्या माणसाला देण्याचे कारण नसते, त्यामुळे ही निवड अतिशय उपयोगी आहे. समाजमाध्यमांवर आपण लिहिलेले किती जणांपर्यंत पोहोचणार, हे दुसरेच कोणी ठरवते, आणि नवे गाणे आल्याची साधी बातमीही लोकांपर्यंत जाण्यासाठी पैसे मोजण्याचा आग्रह होतो. इथे निरोप जातो आणि ज्याने मागितला होता त्याला तो मिळतो.

अशा निरोपांत काय लिहावे, याविषयी मात्र अनेक बँड कंजूषपणा करतात, असे मला वाटते. ‘नवा अल्बम आला आहे, इथे घ्या’ एवढ्या एका ओळीचा निरोप उघडून पाहण्याची इच्छा दुसऱ्या खेपेला राहत नाही. मी ज्यांचे निरोप आवर्जून वाचतो, ते कलावंत बँडमधल्या घडामोडींबरोबर स्वतःच्या ऐकण्याविषयीही लिहितात: आद्य कलावंतांपैकी डॅफ्नी ओरम यांनी चित्रपटाच्या फितीवर आकार रंगवून त्यांतून आवाज काढण्याचे यंत्र बांधले होते, ते वाचून आपण काय करून पाहिले, संगीतकार एलियान रादिग यांच्या अत्यंत संथ रचना ऐकल्यावर आपल्या नव्या रचनेतले निम्मे स्वर का काढून टाकले. अशा निरोपातून बँडची बातमी कळते, त्याबरोबर ऐकण्याची एक नवी वाटही सापडते, आणि त्या निरोपाच्या आधारे मी अल्बम घेतो तेव्हा तो माझ्या ऐकण्यात आधीच रुजलेला असतो.

आता उणिवा. पहिली म्हणजे ज्या मजकुराचे मी एवढे कौतुक करतो आहे, त्याला सेवेने फारच साधे रूप दिले आहे. टिपणाच्या मधोमध आकृती किंवा छायाचित्र घालता येत नाही, उपशीर्षके देता येत नाहीत, आणि मजकूर जरा लांबला की त्याचा पुढचा भाग ‘आणखी’ या छोट्या दुव्यामागे जातो. मॉड्युलर सिंथेसायझरची जोडणी शब्दांत सांगण्यापेक्षा एका रेखाचित्राने चटकन कळते. ते रेखाचित्र पीडीएफमध्ये टाकावे लागते, आणि अल्बम विकत न घेणाऱ्याला ते दिसत नाही. ज्या सेवेच्या स्वतःच्या ‘बँडकॅम्प डेली’ या नियतकालिकात २०१६ पासून इतके सुबक, सचित्र लेख येतात, तिला कलावंतांच्या पानांसाठी थोडी अधिक सोय करणे अवघड नसावे.

दुसरी उणीव निरोपांच्या गर्दीची. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडून देते. महासाथीच्या काळात २० मार्च २०२० रोजी पहिल्यांदा हा उपक्रम झाला, तेव्हा श्रोत्यांनी एका दिवसात ४३ लाख डॉलरची खरेदी केली. उपक्रम अत्यंत स्तुत्य आहे आणि तो चालू राहावा, असे मला मनापासून वाटते. परंतु त्या दिवशी जो तो निरोप पाठवतो, आणि महिनाभर विचार करून लिहिलेला एखादा निरोप सवलतीच्या जाहिरातींत हरवून जातो. ज्यांना खरोखर काही सांगायचे आहे, त्यांनी त्या शुक्रवारच्या निदान आठवडाभर आधी लिहावे, हे उत्तम.

पैशांचे गणित थोडक्यात असे आहे. डिजिटल विक्रीवर कंपनी १५ टक्के घेते आणि कलावंताची विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. रेकॉर्ड, कॅसेट, टी-शर्ट अशा वस्तूंवर तो १० टक्केच आहे. पैसे वळते करणाऱ्या संस्थेचे शुल्क वेगळे, आणि एकेका रचनेच्या छोट्या विक्रीत ते बरेच जाणवते. किंमत कलावंत ठरवतो; ‘हवे तेवढे द्या’ असेही ठेवता येते, आणि ठरलेल्या किमतीहून अधिक देणारे श्रोते पुष्कळ असतात. विकत घेतलेले संगीत फ्लॅक, वेव्ह, एमपी३ अशा हव्या त्या फाइलस्वरूपात उतरवून घेता येते. पानावर नुसते ऐकताना मात्र आवाज १२८ केबीपीएसचा, म्हणजे बराच दाबून लहान केलेला, असतो, त्यामुळे सूक्ष्म पोत असलेल्या इलेक्ट्रॉनिक रचनांचा अंतिम निवाडा पानावर ऐकून करू नये. वरच्या पट्टीतला सूक्ष्म खरखराट आणि झांजेसारखे आवाज तिथे बोथट होतात.

जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या एका नियमाचा इथे उल्लेख करायला हवा, कारण त्याचा टिपणांशी थेट संबंध आहे. संपूर्णपणे किंवा मोठ्या प्रमाणात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले संगीत या सेवेवर ठेवता येणार नाही आणि तसा संशय आल्यास ते काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. या नियमाच्या हेतूशी मी पूर्णपणे सहमत आहे. तरीही इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांनी त्याकडे बारकाईने पाहावे, कारण संगणकाला काही निर्णय सोपवून रचना करण्याची पद्धत या संगीतात अगदी सुरुवातीपासून आहे. खुद्द स्पीगेल यांनी १९८६ मध्ये ‘म्युझिक माउस’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. संगणकाचा माउस हलवला की सूर आणि स्वरसंवादाचे नियम संगणक सांभाळतो आणि वाजवणारा हालचालीवर लक्ष देतो. नियम स्वतः रचून त्यांच्याबरोबर वाजवणे आणि दुसऱ्यांच्या संगीतावर पोसलेल्या यंत्राला एक वाक्य देऊन तयार माल मिळवणे, यांतला फरक प्रचंड आहे; परंतु केवळ ऐकून तो प्रत्येक वेळी ओळखता येईलच असे नाही. अशा वेळी कलावंताने आपली पद्धत नीट लिहून ठेवलेली असणे, हा त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. चरणजित सिंग यांच्यावर आली ती शंकेची वेळ आता रोज कोणावर तरी येऊ शकते.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि तो चिंतेचा आहे. अनेक वर्षे स्वतंत्र राहिलेली ही कंपनी मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. सुमारे दीड वर्षानंतर ती साँगट्रॅडर या संगीतपरवाने विकणाऱ्या कंपनीकडे गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हस्तांतर होताना जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. त्यानंतरही सेवा व्यवस्थित चालू आहे, पाने तशीच आहेत, पैसेही वेळेवर मिळतात. परंतु जी जागा दोनदा विकली गेली, ती तिसऱ्यांदाही विकली जाऊ शकते. त्यामुळे मी ही सेवा वापरण्याची शिफारस निःसंकोच करतो, पण तिच्याबरोबर दोन कामे नेमाने करण्याचा आग्रहही धरतो. खरेदी करताना ज्या श्रोत्यांनी आपला ईमेल कलावंताला द्यायला संमती दिली आहे, त्यांची यादी उतरवून घेता येते. ती दर महिन्याला उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवावी. नुसत्या ‘फॉलो’ करणाऱ्यांचे पत्ते मात्र या यादीत येत नाहीत, म्हणून आपल्या निरोपांतून त्यांना खरेदीच्या किंवा स्वतंत्र नोंदणीच्या दिशेने वळवावे लागते. आणि अल्बमच्या पानावर लिहिलेले प्रत्येक टिपण पीडीएफमध्येही ठेवून ते संगीताच्या फाइलबरोबरच श्रोत्याला द्यावे, म्हणजे उद्या पान राहिले नाही, तरी ज्याच्याकडे आवाज आहे त्याच्याकडे तो कसा घडला याची हकिगतही राहील.